नंबर गेला, रस्ता राहिला

सोलापुरात रस्त्याला नंबर नसतो, गाव असतं. पुणे रोड, हैदराबाद रोड, विजापूर रोड, तुळजापूर रोड, अक्कलकोट रोड, बार्शी रोड, होटगी रोड. कोण कुठं राहतो हे सांगताना आपण तो कुठल्या गावाच्या दिशेला राहतो, ते सांगतो. रिक्षावाल्याला 'राष्ट्रीय महामार्ग ६५ वर सोड' म्हणालात तर तो तुमच्या तोंडाकडे बघत बसेल. 'जुना पुणे नाका' म्हणालात की लगेच गाडी वळवील. जकात केव्हाच गेली, १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला, पण जुना पुणे नाका, जुना बोरामणी नाका, तुळजापूर नाका ही नावं कुणाच्या तोंडातून गेली नाहीत.

रस्ता आपल्याला एक दिसतो, पण त्याच्यावर कामं तीन चालतात. एक, लांबच्या माणसानं आपलं गाव ओलांडून पुढं जाणं. दोन, मालाची ने-आण. आणि तीन, बाजार. रस्त्याच्या कडेला चहा, पंक्चर, औषध, चादर, शेंगाचटणी विकून पोट भरणं. ही तिन्ही कामं एकाच डांबरावर किती दिवस गुण्यागोविंदानं नांदतात, आणि कधी एकमेकांच्या जिवावर उठतात, हा आजचा विषय.

जगात काही ठिकाणी या तीन कामांना तीन वेगळ्या पाट्या आहेत. अमेरिकेत १९२६ साली महामार्गांना देशभर एका पद्धतीनं नंबर दिले गेले. पुढं मोटारी वाढल्या, गावातला मुख्य रस्ता तुंबायला लागला, तेव्हा गावाला वळसा घालून नवा रस्ता काढला. नंबर त्या नव्या रस्त्याला गेला. पण गावातल्या जुन्या रस्त्यालाही त्यांनी तोच नंबर ठेवला आणि वर एक शब्द जोडला: 'बिझनेस'. म्हणजे हा बाजाराचा रस्ता. जेवायचं असेल, मुक्काम करायचा असेल, तर इकडे वळा. पुढं हाच रस्ता पुन्हा महामार्गाला मिळेल. ट्रकला गावाबाहेरून न्यायचं असेल तर 'ट्रक' अशी पाटी, आणि तिथंच पोचवणारी दुसरी वाट असेल तर 'आल्टरनेट', म्हणजे पर्यायी. नंतर आलेल्या मोठ्या आंतरराज्य महामार्गांची ढाल निळी-लाल, तर त्यांच्या बाजाररस्त्याची ढाल हिरवी. परक्या माणसालाही रंगावरून कळतं.

ही पाटी नसली की काय होतं, तेही त्याच देशानं पाहिलं. शिकागोहून कॅलिफोर्नियाला जाणारा ६६ नंबरचा रस्ता प्रसिद्ध होता. शेजारून नवे महामार्ग झाले आणि १९८५ साली ६६ हा नंबर यादीतून काढून टाकला. त्या रस्त्यावर जगणाऱ्या कित्येक लहान गावांचा धंदा बसला. पुढं लोकांनीच धडपड करून 'ऐतिहासिक ६६' अशा पाट्या लावून घेतल्या. रस्ता तोच होता, पण पाटीवाचून त्याच्याकडे कुणी वळत नव्हतं.

आता आपल्याकडे येऊ. सोलापूर हे गाव रस्त्यांच्या फुलीवर वसलेलं आहे आणि त्याचं सगळं बरंवाईट त्या फुलीतून आलं आहे. भुईकोट किल्ला बघा. डोंगर नाही, घाट नाही, सपाट माळावर एवढा किल्ला कशासाठी? अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही यांच्या मधली ही जागा. सोलापूर हातात म्हणजे वाट हातात. त्यामुळे या दोन घराण्यांच्या सोयरिकीत सोलापूर हुंड्यात मागितलं गेलं आणि त्यावरून लढायाही झाल्या. चांदबिबीचं लग्न अली आदिलशहाशी झालं तेव्हा सोलापूरचा किल्ला हुंड्यात विजापूरला गेला. मुलीबरोबर एखादं गाव देतात ते उत्पन्नासाठी. इथं दिली होती ती वाट.

विजापूर रोडच्या टोकाला आदिलशाही आणि हैदराबाद रोडच्या टोकाला गोवळकोंड्याची कुतुबशाही, असे दखनी भाषेचे दोन दरबार होते. माझ्या घरची बोली दखनी आणि लिहिण्याची भाषा मराठी. सोलापूरच्या बाहेर लोक याचं नवल करतात. सोलापुरात कुणी करत नाही, कारण इथं एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी ऐकू येते. या भाषा इथं वाटेनं आल्या. तेलंगणातून विणकर आले, त्यांनी हातमाग मांडले आणि सोलापुरी चादर घडवली. कर्नाटकातून व्यापारी आले. प्रत्येक रस्त्यानं आपापली भाषा या गावात आणून सोडली.

१८१८ साली इंग्रजांनी सोलापूर घेतलं. १८६० साली मुंबईकडून येणारी जी. आय. पी. रेल्वे इथं पोचली. पुढं गुलबर्ग्यापर्यंत रूळ पडायला १८७० उजाडलं. मधली दहा वर्षं सोलापूर हे रेल्वेचं शेवटचं मोठं ठाणं होतं. त्यापुढच्या मुलखातला माल बैलगाड्यांनीच स्टेशनपर्यंत यायचा. १८७७ साली पहिली कापड गिरणी सुरू झाली, तीच पुढं 'जुनी मिल' म्हणून ओळखली गेली. रेल्वे आल्यानं रस्ते ओस पडले नाहीत. उलट स्टेशनकडे येणारा प्रत्येक रस्ता बाजाराचा रस्ता झाला.

हैदराबाद रोडची गोष्ट मात्र निराळी होती. सोलापूरहून पूर्वेला निघालं की थोड्याच अंतरावर इंग्रजी मुलूख संपे आणि निजामाचं राज्य सुरू होई. नळदुर्ग, उमरगा ही आज आपल्याला शेजारची वाटणारी गावं तेव्हा दुसऱ्या राज्यात होती. तिकडे निजामाची स्वतःची जकात होती, तिला करोडगिरी म्हणत. मालाची गाडी थांबायची, गाठोडी सुटायची, पावती फाटायची, मग पुढं. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय सैन्याची मुख्य तुकडी याच रस्त्यानं नळदुर्गच्या दिशेनं निघाली. बोरी नदीवरचा पूल उडवला जाण्याआधी हाती येणं गरजेचं होतं, आणि तो शाबूत मिळाला. पुढं उमरगा, हुमनाबाद, जहिराबाद असं करत पाच दिवसांत हा प्रश्न मिटला. १७ सप्टेंबरला निजामानं शरणागती पत्करली. जो रस्ता व्यापाऱ्याला अडवून ठेवत होता, त्याच्यावरची सरहद्द गेली. आज बसमध्ये बसून हैदराबादला जाणाऱ्या माणसाला ती कुठं होती हे कळतही नाही.

देशभराच्या रस्त्यांचा एकत्र विचार व्हायला लागला तो त्याच्या थोडा आधी, आणि त्यात एका मराठी माणसाचं नाव पहिलं येतं. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली रस्ते समिती नेमली गेली. काही रस्ते असे आहेत की ते जिल्हा बोर्डाच्या ताकदीबाहेरचे आहेत, त्यांचा भार मध्यवर्ती सरकारनं उचलावा, असा विचार या समितीनं मांडला. पेट्रोलवरच्या जादा करातून १९२९ साली रस्त्यांसाठी मध्यवर्ती निधी उभा राहिला. १९४३ साली देशातले मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी रस्त्यांची उतरंड ठरवली: राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते आणि गावरस्ते. आजही सरकारी कागदावर हीच उतरंड चालते. १९५६ साली राष्ट्रीय महामार्गांचा कायदा झाला. पुणे, सोलापूर, हैदराबाद, विजयवाडा हा झाला ९ नंबर. सोलापूरहून दक्षिणेला निघणारा १३ नंबर, आधी चित्रदुर्गपर्यंत आणि पुढं मंगळूरपर्यंत. नंतर धुळ्याकडे जाणारा २११ आला. २०१० साली सगळे नंबर बदलले. पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम आणि उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम आकडे मिळाले. ९ चा ६५ झाला. १३ आणि २११ यांचे सोलापूरला लागून असलेले भाग मिळून ५२ नंबर तयार झाला. तो पंजाबातल्या संगरूरहून निघतो आणि कर्नाटकातल्या अंकोल्याला समुद्र गाठतो. तीन आकडी नंबर म्हणजे मुख्य रस्त्याची शाखा. तुळजापूरहून लातूर, नांदेडमार्गे नागपूरजवळ बुटीबोरीला जाणारा ३६१ हा ६१ च्या शाखांपैकी एक. म्हणजे आपल्याकडे शाखेला नंबर आहे. पण गावातल्या बाजाररस्त्याला, नवा रस्ता झाल्यावर मागे उरलेल्या जुन्या रस्त्याला, नंबर नाही. दुखणं नेमकं इथं आहे.

६५ आणि ५२ एकमेकांना छेदतात ते सोलापुरात. इंदूर-धुळ्याकडून बंगळूर-हुबळीकडे जाणारा ट्रक आणि मुंबई-पुण्याहून हैदराबाद-विजयवाड्याकडे जाणारा ट्रक, दोघांची गाठ इथं पडते. त्या ट्रकनं सोलापूरला पुष्कळ दिलं. ट्रान्सपोर्टची ऑफिसं, बॉडी बांधणारे, पाटे बसवणारे, गाद्या शिवणारे, ताडपत्री आणि दोरखंड विकणारे, वजनकाटे, रात्रभर उघडी असणारी चहाची दुकानं. रंगाऱ्यांनी ट्रकच्या पाठीवर अक्षरं काढली. एका जुन्या नाक्याजवळ पंक्चर काढणारे एक चाचा मला सांगत, 'चार भाषा बोलता येतात, लिहिता एकही येत नाही.' विजयवाड्याच्या ड्रायव्हरला ते 'अण्णा' म्हणत, पंजाबच्या ड्रायव्हरला 'पाजी', आणि कोल्हापूरच्या ड्रायव्हरला 'दादा'. त्यांचं शिक्षण रस्त्यावरच झालं होतं.

पण त्याच ट्रकनं घेतलंही पुष्कळ. गावाबाहेरचा रस्ता पुरेसा नव्हता तोवर एका महामार्गावरून दुसऱ्याकडे जाणाऱ्या जडवाहनाला शहरातूनच वाट काढावी लागे. विजापूर रोडवर सैफुलपासून सोरेगावपर्यंत वसाहती उभ्या राहिल्या, शाळा-कॉलेजं झाली. सायकलवरची मुलगी, दुचाकीवरचं जोडपं, कामावर निघालेली विडी कामगार बाई आणि दहा चाकांचा ट्रक, सगळे एकाच पट्ट्यात. सोलापूरच्या वर्तमानपत्रांत जडवाहतुकीनं घेतलेल्या बळीची बातमी इतक्यांदा आली की गावानं त्यासाठी मोर्चे काढले, रस्ते अडवले. दिवसा ठरावीक वेळेत जडवाहनांना शहरबंदी झाली. जुना पुणे नाका ते पत्रकार भवन आणि जुना बोरामणी नाका ते मोरारका बंगला असे दोन उड्डाणपूल ठरले, आणि जमिनी ताब्यात घेण्यातच वर्षं गेली. अशा अपघातात ड्रायव्हर पळून जातो, मग आपण त्यालाच खलनायक ठरवतो. तोही कुणाचा तरी मुलगा असतो, रात्रभर जागलेला, आणि या शहरात त्याला काही काम नसतं. त्याला फक्त पुढं जायचं असतं, आणि पुढं जाण्याची वाट आपण शाळेसमोरून ठेवलेली असते.

म्हणून बाह्यवळण हवंच होतं. मराठी घरात 'बायपास' म्हटलं की आधी हृदयाचं ऑपरेशन आठवतं, आणि उपमा चुकीची नाही. वाहिनी तुंबली की शेजारून नवी वाट करून द्यायची. सोलापूर ते येडशी हा ५२ नंबरचा चौपदरी रस्ता ९ जानेवारी २०१९ रोजी सोलापुरातल्या कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाला. विजापूरच्या बाजूला एकशे दहा किलोमीटरचं चौपदरीकरण झालं. त्यातला साडेपंचवीस किलोमीटरचा एक पदरी थर फेब्रुवारी २०२१ मध्ये अठरा तासांत टाकला, त्याची देशभर बातमी झाली. याच कामात केगावहून हत्तूरकडे शहराला बगल देणारा रस्ता आला. पुण्याकडून विजापूरला निघालेल्या ट्रकला सोलापूरच्या पोटात शिरायचं कारण उरलं नाही.

मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. पहिली अशी की प्रत्येक ट्रक काही पुढं जाणारा नसतो. हैदराबाद रोडवरच्या मार्केट यार्डात हंगामात कांद्याच्या शेकडो गाड्या येतात. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून चादरी आणि टॉवेल बाहेर पडतात. हे ट्रक आपलेच आहेत, त्यांना गावाबाहेरून कसं धाडणार? आडत्या, तोलार, हमाल यांचं घर त्यांच्यावर चालतं. म्हणजे वाटसरू ट्रक वेगळा आणि पाहुणा ट्रक वेगळा. वाटसरूला बाहेरची वाट दाखवायची. पाहुण्याला आत यायची ठरलेली वाट, ठरलेली वेळ आणि थांबायला हक्काची जागा द्यायची. आपण दोघांना एकाच बंदीच्या फलकाखाली उभं करतो. मग बंदी उठायच्या वेळेला सगळे एकदम सुटतात.

दुसरी गोष्ट जुन्या रस्त्याची. महामार्गाचा नंबर बाहेर गेला की त्याच्याबरोबर दिल्लीचा पैसा बाहेर जातो, दुरुस्तीची जबाबदारी जाते, पाट्या जातात. मागे राहतो तो रुंद, खड्डे पडलेला, आधी कुणाचा आणि आता कुणाचा या वादातला रस्ता. नंबर ही किती कागदी गोष्ट आहे, ते २०१७ साली सगळ्या देशानं पाहिलं. महामार्गापासून पाचशे मीटरच्या आत दारूचं दुकान नको, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१६ मध्ये दिला. त्याबरोबर चंदीगडसारख्या ठिकाणी शहरातल्या रस्त्यांचा महामार्ग हा दर्जाच काढून घेण्यात आला. रस्ता जागचा हलला नाही, दुकानही हललं नाही. फक्त कागदावरचं नाव बदललं. दारूच्या दुकानासाठी सरकारी कागद इतक्या चटकन हलतो, तर पादचाऱ्याच्या पदपथासाठी का हलू नये?

धंद्याचंही तेच. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पुरता खुला झाला, तरी जुना रस्ता मेला नाही. द्रुतगतीवर दुचाकीला बंदी, त्यामुळे दुचाकीवाला जुन्या रस्त्यानं जातो. लोणावळ्यात उतरणारा जुन्या रस्त्यावर येतो. म्हणजे तो रस्ता पर्यायी म्हणून जगला, कारण त्याला काम होतं आणि लोकांना ते माहीत होतं. आपल्याकडे बायपासला लागलेल्या प्रवाशाला सोलापूर दिसतच नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेणारा तो पुण्याचा माणूस आता ताशी शंभरच्या वेगानं बाहेरून निघून जातो. चाचांकडे येणारे अण्णा आणि पाजी कमी झाले. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, 'धंदा गेला, पण नातू आता एकटा शाळेत जातो.' दोन्ही गोष्टी एकाच रस्त्यानं केल्या. धंदा बुडाला म्हणून ट्रक परत गावात आणा, असं कुणी शहाणा म्हणणार नाही. पण ज्याचा धंदा बुडाला, त्याच्यासाठी काही करायला नको का?

आणि वाट वळवायला आपल्याला येत नाही, असंही नाही. कोजागरीला सोलापुरातून लाखो माणसं पायी तुळजापूरला निघतात. त्या दिवसांत तुळजापूर रोड गाड्यांना बंद असतो. पोलिस आधी पत्रक काढतात, पर्यायी मार्ग जाहीर करतात, बार्शीकडून कुणी जायचं, इटकळकडून कुणी जायचं, सगळं वर्तमानपत्रात येतं, आणि लोक ते ऐकतात. कडेला पाणी, फराळ, पाय चेपायला माणसं असतात. त्या रात्री मालक चालणारा असतो आणि चाक मागे सरकतं. वर्षातून दोन-तीन दिवस जे जमतं, त्यातलं थोडं रोज का जमू नये?

पुढं आणखी एक रस्ता येऊ घातला आहे. सुरत-चेन्नई या नव्या महामार्गाची आखणी बार्शी, अक्कलकोट या तालुक्यांच्या शिवारातून झाली आणि जमिनीच्या मोबदल्यावरून शेतकऱ्यांनी आंदोलनं केली. हा रस्ता जुन्या वाटेला धरून नाही, तो गावं टाळतच आखलेला आहे. इतकी शतकं रस्ता सोलापूरला शोधत आला. आता सोलापूरला आपली ओळख रस्त्याला सांगावी लागेल.

तेव्हा मागणं मोठं नाही. केगावच्या आणि हत्तूरच्या फाट्यावर, हैदराबाद रोडवर, तुळजापूर रोडवर ठळक अक्षरांत पाटी असावी: 'सोलापूर शहर. बाजार, दवाखाना, मुक्काम.' खाली मराठी, कन्नड, तेलुगू आणि हिंदी, कारण ड्रायव्हर चारही दिशांचे आहेत. शहरातला जुना महामार्ग कुणाचा, हे एका कागदावर लिहून त्याच्या दुरुस्तीचा पैसा तिथंच नेमून द्यावा. त्या रुंद रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चालणाऱ्याला पदपथ आणि विकणाऱ्याला जागा मिळावी. ट्रक गेल्यावर जी रुंदी मोकळी झाली, ती पुन्हा चाकांनी भरायच्या आत माणसांना वाटून द्यावी. आणि मार्केट यार्डाला येणाऱ्या ड्रायव्हरला चार तास पाठ टेकायला सावली मिळावी, म्हणजे तो परत निघेल तेव्हा त्याचे डोळे उघडे असतील.